रिकामी बाज

मामा कोणाचाच मामा नव्हता. त्याला बहीणच नव्हती. पण अकोटच्या आजूबाजूला, तिकडे अंजनगाव सुर्जीपर्यंत, अशा कितीतरी बाया निघतील की ज्यांच्या लग्नात हा माणूस पाठीशी मामा म्हणून उभा होता. पोरीचा सख्खा मामा रुसलेला असे, आजारी असे, नाहीतर नसेच. सोयरीक यानंच जुळवलेली असे, मग उभाही हाच राही. असं करता करता त्याचं पाळण्यातलं नाव मागं पडलं. आता तो नाही. मीही मामाच लिहितो. तोंडावर मी त्याला तुमी म्हणत होतो, पाठीमागं तो. हे त्याला माहीत होतं.

मी त्याचा ड्रायव्हर. पगारी नव्हे. मी कोणाची चाकरी केली नाही. बसस्टँडसमोर माझा ऑटो उभा राही, माझा स्वतःचा, अन् मामाला सोयरिकीला जायचं असलं की तो माझ्याच ऑटोत बसे. शाळा मी चौथीत सोडली. मास्तरनं हात उगारला, मी दप्तर तिथंच ठेवून घरी आलो, ते दप्तर आणायलासुद्धा परत गेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझ्या हट्टाचा विषय येणार आहे, तेव्हा वाचणाऱ्यानं चकित होऊ नये.

मामा गावाच्या अलीकडेच ऑटो थांबवायला लावी.

"डायव्हर, अथीच थांबव. सोयरीक हॉर्न वाजवत जात नसते."

मग छत्री घेऊन पायी निघे. पाऊस असो नसो, छत्री असेच. मी एकदा विचारलं, मामा, कोरड्या उन्हाळ्यात, तेही तिन्हीसांजेला, छत्री काहून? तर म्हणे, "हातात काही असलं की माणूस पाहुणा वाटते. रिकाम्या हातानं गेलं की वसुलीवाला."

पोराच्या घरी पोचला की त्याचं पहिलं काम म्हणजे हात धुवायला मागच्या अंगणात जाणं. हात स्वच्छच असत. त्याला मागचं दार पाहायचं असे. पुढचं दार पाहुण्यासाठी सजवलेलं असते, घर मागूनच पाहावं, हे त्याचं म्हणणं. न्हाणी कुठं आहे, नवी सून पहाटे उठली तर तिला कोणाकोणाला ओलांडून जावं लागेल, पाण्याचा माठ तिच्या हाताच्या उंचीवर आहे का, हे सगळं तो हात पुसता पुसता पाहून घेई. अन् आणखी एक गोष्ट पाही.

"रडाले कोपरा पाह्यजे," तो म्हणे. "ज्या घरात पोरीले एकटीनं रडाले जागा नाही, त्या घरी मी पोरगी देत नसतो."

बैठकीत तो फार बोलत नसे, ऐके. वरबाप कधी सरळ बोलत नाही, नुसता हूं करतो, अन् त्या हूंचं मामाला बरोबर कळे. परत येताना मागच्या सीटवर बसून मला शिकवी. लांब हूं म्हणजे घरी विचारतो. आखूड हूं म्हणजे जमलं. नाकातून आलं तर चहा प्या अन् निघा. मी हे सगळं ऑटोच्या आवाजात ऐकलेलं, त्यामुळे अर्धंच. पण पुढं ते माझ्या कामाला आलं.

मग त्याचे गुडघे गेले. त्याच सुमारास सोयरिकीही मोबाईलवर गेल्या. पोरांचे फोटो, पोरींचे फोटो, उंची, शिक्षण, सगळं एका बोटाच्या फटकाऱ्यात. मामाला कोणी बोलवेना. बायको आधीच गेलेली, एक लेक अमरावतीला. तिचा मुलगा होस्टेलला गेला तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप तिनं बापाला आणून दिला, तोंड पाहून बोलता यावं म्हणून. मामानं तोंड पाहायचं बटन सोडून दुसरंच काही दाबलं, अन् नातवाचा ठोकळ्यांचा खेळ उघडला.

मी दुपारी त्याच्याकडे गेलो तर हा बनियनवर बसलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पोळपाटावर माऊस.

"डायव्हर, इकडे ये. पाह्य. बैठक भरली हाये."

मी पाहिलं. सगळं जग चौकोनी. झाड चौकोनी, ढग चौकोनी, गायसुद्धा खोक्यासारखी. अन् त्यात माणसं, मोठ्या लोंबत्या नाकाची, दोन भुवयांची एकच भुवई झालेली, हात बाह्यांत खुपसून उभी. मामानं एकाच्या समोर बाण नेला. तो माणूस मामाकडे पाहून म्हणाला, हूं.

"ऐकलं?" मामा म्हणाला. "दुसरं काहीच बोलत नाही. सगळे वरबाप हायेत रे हे!"

इतके दिवस मरगळलेला माणूस त्या दिवशी तोंडभर हसला. मी मात्र म्हणालो, "मामा, ह्या वयात ठोकळे खेळता? लोक काय म्हणतीन?"

"लोक काही म्हणत नाहीत म्हणून तं खेळून राह्यलो," तो म्हणाला.

याच दिवसांत माझ्या पोराच्या सोयरिकीचं चाललं होतं. म्हणजे चाललं नव्हतं. पोरगा तिशी ओलांडून गेलेला. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये, एरवी माझाच ऑटो चालवी. दारू नाही, पत्ते नाही, फक्त बोलणं कमी. पाहुणे येत, चहा पीत, घर पाहत, लांब हूं करून जात. अन् ते परत काहून येत नव्हते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मलाही होतं.

माझं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मी अन् पोरगा झोपायचो. आतली खोली माझ्या बायकोची. ती गेली तेव्हा तिची बाज मी आतल्या भिंतीला उभी केली. आमच्या घरची रीत आहे, माणूस गेलं की त्याची बाज पसरून ठेवायची नाही. ती उभी केली ती केलीच. तिच्यापुढं गोधड्या, ऑटोचे जुने टायर, एक फुटका कूलर असं सगळं साचत गेलं. पाहुण्यांतली एखादी बाई आत डोकावे अन् विचारे, "पोरगी राहीन कुठी?"

मी म्हणे, "आधी ठरू तं द्या. ठरलं की खोली खाली करतो. सून नाही अन् खोली कायले?"

यात मला आजही काही चुकीचं वाटत नाही. लेकरू होण्याआधी आपण पाळणा आणत नाही, अंगडं-टोपडं शिवत नाही. येणाऱ्याच्या आधी त्याचं सामान मांडू नये, नजर लागते. मग सून यायच्या आधी तिची खोली कशी मांडायची?

मामाला मी सांगू शकलो असतो की माझ्या पोराचं पाहा. पण मी सांगितलं नाही. मी त्याला जन्मभर गावोगाव फिरवलं, त्यानं आपणहून म्हणायला पाहिजे होतं. अन् तो म्हणत नव्हता, कारण त्याचा नियम होता की ज्याचं घर त्यानंच बोलवावं. न बोलावता मध्यस्थ गेला की सोयरीक हलकी होते. असे आम्ही दोघं लॅपटॉपसमोर शेजारी शेजारी बसून ठोकळ्यांच्या लोकांच्या सोयरिकी करत होतो अन् माझ्या पोराचं नाव दोघंही काढत नव्हतो.

आता तो खेळ. खेळणाऱ्या पोरांना त्यात काय काय येतं, लढाया, खाणी, खजिने. मामाला त्यातलं काही नको होतं. त्याला फक्त ती माणसं वसवायची होती. बाकीची पोरं, त्यानं मला सांगितलं, त्या माणसांना एकाच भिंतीत कोंडून ठेवतात, खुराड्यासारखं, सौदा करायला. मामाला त्याचा राग येई. त्यानं प्रत्येक जोडप्याला वेगळं घर बांधलं. पुढं दार, मागं दार. मागं थोडं अंगण. अन् आत एक कोपरा, भिंतीआड, जिथं काही ठेवायचं नाही.

"मामा, ठोकळा रडते का?"

"तुले का ठाव? हूं करते, म्हणजे रडतबी असन."

त्या लोकांत बाई कोण अन् माणूस कोण हे काही ओळखू येत नाही. सगळे एकसारखे, झगा घातलेले. मी म्हणालो, आता जोडा कसा लावणार? मामा म्हणाला, सोपं आहे. ज्याच्या दारी मी आधी गेलो ते पोरीचं घर. त्यात हिरव्या झग्याचा एक होता, त्याला कोणतंच काम येत नाही, कितीही शिकवा. मामानं त्याच्यासाठीही घर बांधलं. मी म्हटलं, ह्या रिकामटेकड्याला कोण पोरगी देते? मामानं माझ्याकडे पाहिलं नाही. "काम नसलं तरी पाठ टेकाले जागा लागतेच," म्हणाला. मला वाटलं माझ्या पोराला बोलला. मी चहा अर्धा ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो, कारण मला पाहायचं होतं की त्या हिरव्याचं काय झालं.

माझंच मला नवल वाटे. मी असल्या गोष्टीत कधी मन घालणारा माणूस नाही. पण दुपारी भाडं सोडून मी तिकडे जाऊ लागलो.

पहिला जोडा वसवला तेव्हा मामानं घरात एकच बाज टाकली. नवराबायको, दोन बाजा कशाला? रात झाली, एक झोपला अन् दुसरा रातभर दारात उभा. मामा अस्वस्थ. "नवा संसार अन् नवरा बाहेर!" मग दुसरी बाज टाकली. बाज टाकली की माणूस तिच्याजवळ येतो, अन् ती त्यानं आपली मानली की वर हिरव्या ठिणग्या उडतात. काजव्यासारख्या, जरा वेळ. मामा ते पाहायला खुर्चीतून पुढं सरके. "घेतली," म्हणे. "बाज घेतली. आता हे इथलं झालं."

घर झालं, बाजा झाल्या, पण लेकरू होईना. खाऊ दिलं की होतं म्हणून त्यानं पाव दिले, गाजरं दिली. दोघं समोरासमोर येत, एकमेकांकडे पाहत, त्यांच्या डोक्यावर लाल बदाम उडत, अन् एकदम काळा धूर निघून दोघं तोंडं फिरवून चालू लागत. दर वेळी तसंच.

मामानं विचार करून कारण काढलं. "हे भावकीतले असतीन. एकाच गावचे. हे लगीन बसत नाही."

मी म्हणालो, ठोकळ्याला कुठली भावकी? पण तो ऐकणारा नव्हता, अन् खरं सांगू, मलाही ते पटलं. एका गावातली सोयरीक आम्हीही करत नाही. मग नवरी बाहेरून आणायचं ठरलं. पाण्यापलीकडे दुसरं गाव होतं, तिथून बोटीत बसवून आणायची. ते लोक हाक मारून येत नाहीत, त्यांना बोटीजवळ ढकलत न्यावं लागतं, एकदा आत बसले की बसले. मामा वल्हवायला लागला अन् बोट दगडांवर आपटायला लागली. तेव्हा मी खुर्ची पुढं ओढली. गाडी चालवणं हा माझा विषय आहे.

"डावीकडे घ्या. डावीकडे! मामा, हे डावं का?"

"तू ओरडू नको, नवरी भेते."

"नवरी भेत नाही, नवरी हूं म्हणून राह्यली."

काठाला लावली तर नवरी उतरेना. बसूनच राहिली, आपलं हूं करत. मामानं माऊस सोडला. "माहेर सोडवत नसन," म्हणाला, अन् मग बोट तोडावी लागली तेव्हा ती जमिनीवर आली. तिला नव्या घरी नेलं. बदाम उडाले. परत काळा धूर.

त्यानंतर त्यानं पितृपक्ष संपेपर्यंत वाट पाहिली. मागच्या दाराची दिशा बदलली. जोडप्याच्या अंगणात बीट लावून दिलं. काही उपयोग नाही. गाव तेवढंच राहिलं, एक वाढेना. मामा जेवण कमी करू लागला. लेकीचा फोन आला तर तिला म्हणे, "मंग करतो, इकडे जरा गावाचं चाललं हाये." तिला वाटे खरंच कोणत्या गावाचं.

लेकरू झालं ते चुकून झालं. मामा खेळात फिरता फिरता गावाच्या बाहेरच्या बाजूला गेला अन् अंधार पडला. त्या खेळात अंधारात हिरवी मढी फिरतात, बाहेर राहायची सोय नाही. तो जवळच्या घरात शिरला, त्याच बोटीतल्या नवरीच्या. आपली बाज त्यांच्या कोपऱ्यात टाकली अन् झोपला. कोणता कोपरा? तोच, रडायचा. सकाळ झाली, उठून गेला. बाज उचलायची राहून गेली. आम्ही चहा प्यायला उठलो, परत बसून पाहतो तं काय, घरात एक छोटंसं टणाटणा उड्या मारून राहिलंय. नाक मात्र तेवढंच मोठं.

मामा उठून उभा राहिला, गुडघे विसरून. आत गेला, साखर आणली, माझ्या तोंडात घातली. सोयरीक जमली की तो दोन्ही बापांच्या तोंडात घालायचा तशीच. म्हणजे त्यात मी एक बाप झालो.

त्याला कारण लगेच कळलं नाही. तो दिवसभर विचार करत बसला. मग दुसऱ्या घरात जाऊन त्यानं एक बाज जास्त टाकली अन् काही न करता पाहत राहिला. हिरव्या झग्याचं घर ते. बदाम उडाले, धूर निघालाच नाही, अन् दुसरं लेकरू. तिसऱ्या घरात टाकली, तिथंही तेच.

मामा चष्मा काढून पुसत बसला.

"डायव्हर," तो मग म्हणाला, "आपण म्हणतो लेकरू येऊ दे, मंग पाळणा आणू. अन् हे लोक पाह्यतात, रिकामी जागा हाये का. जागा नसली की मंग कितीबी खाऊ द्या, ते तोंड फिरवतात. त्याहिनं काही चुकीचं केलं नाही रे. मीच त्याहिले मोजून बाजा देत होतो."

मी हूं केलं. नाकातून.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, अन् पाहतच राहिला. मग म्हणाला, "ऑटो काढ."

"कुठी जायचं?"

"तुह्या घरी."

माझ्या घरी तो शंभरदा आला असेल. पुढच्या दारानं यायचा, पुढच्या खोलीत बसायचा. त्या दिवशी भिंत धरून आत आला, छत्री टेकत, अन् म्हणाला, "जरा हात धुतो." अन् मागच्या अंगणात गेला.

मी जागच्या जागी उभा राहिलो. मी त्याला बोलावलं नव्हतं. जन्मात त्यानं न बोलावता कोणाच्या घरी हात धुतले नव्हते.

परत येताना तो आतल्या खोलीत थांबला. टायर पाहिले, गोधड्या पाहिल्या. उभ्या बाजेजवळ गेला. तिची सुतळी कुजून खाली लोंबत होती.

"हे पाड."

"ते तिची बाज हाये मामा."

"मले माईत हाये कोणाची हाये. ह्या बाजेवर बसून तिनं मले कितीदा भाकर खाऊ घातली. पाड."

"आमच्याकडे पाडत नाहीत."

"उभ्या बाजेवर तीबी झोपू शकत नाही अन् येणारीबी. मंग ठेवली कोणासाठी? तुह्यासाठी?"

मी त्याला दाराबाहेर काढलं असं म्हणणार नाही. ऑटोत बसवून नीट घरी सोडलं. पण वाटेत बोललो नाही, अन् नंतर तिकडे गेलो नाही. दुपारी बसस्टँडवरच बसून राही. अंजनगावच्या, परतवाड्याच्या गाड्या येत अन् जात, अन् माझ्या डोक्यात त्या घरांचं चाललेलं. चौथ्या घरात बाज टाकली असेल का? तिथं तर एक म्हातारा एकटाच होता, गाव राखणाऱ्या लोखंडी पुतळ्याच्या शेजारी. यंत्र बंद असतं तेव्हा ते लोक कुठं असतात, झोपलेले की उभे? विचारायला तोंड नव्हतं.

शेवटी मी ठरवलं की मामाला खोटं पाडायचं. बाज पाडतो अन् पाहतो कोण येते ते. कोणीच येणार नाही. मग त्याच्या समोर जाऊन सांगतो.

बाज विणणारे एक चाचा आमच्या मागच्या गल्लीत राहत. त्यांना बोलावलं. त्यांनी जुनी सुतळी कापून काढली, बाजूच्या लाकडी पाट्या ठोकून पाहिल्या, सागाच्या निघाल्या.

"लकडी तो जवान है," चाचा म्हणाले. "किसके लिए बुन रहे भाऊ? बहू आली का?"

"नाही."

"मग?"

"रिकामीच ठेवाची हाये."

चाचांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, अन् परत खाली घातली. "अच्छा है," म्हणाले. "खाली खाट बुननेवाले कम होते."

बाकीचं माझ्या पोरानं केलं. संध्याकाळी घरी आलो तर टायर अंगणात, कूलर भंगारात, आणि भिंतीला चुन्याचा एक हात मारलेला. नव्या सुतळीची बाज मधोमध. तिच्यावर चादर टाकायची की नाही यावरून आम्ही दोघंही जरा वेळ उभे राहिलो. टाकली नाही.

कोणी आलं नाही. आठवडे गेले. मी मोठ्या तोऱ्यात मामाकडे गेलो.

"पाडली बाज. इणली बी. आलं का कोणी?"

मामा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "नुसती बाज टाकून काय होते? त्याहिले पाववाला बी लागते. नवरी बोटीत घालून कोण आणीन?"

त्याला काय पाहिजे होतं ते मला कळत होतं. एक वाक्य पाहिजे होतं, की मामा, माझ्या पोराचं पाहा. ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. स्क्रीनवर एक छोटं पोट्टं बाजेवर उड्या मारत होतं, खाली उतरायचं, परत चढायचं. आम्ही दोघं तेच पाहत होतो.

"उद्या अंजनगावले सवारी हाये माही," मी म्हणालो. "मांगची सीट रिकामी हाये. बसता का?"

मामानं माऊस पोळपाटावरून उचलून बाजूला ठेवला.

"छत्री कुठी ठेवली मी?"

अंजनगावला त्यानं गावाच्या अलीकडे उतरून पायी जायचा हट्ट धरला. गुडघ्यांनी साथ दिली नाही, दहा पावलांवर बसला. मग मी हॉर्न न वाजवता ऑटो दारापर्यंत नेला. मामानं मनात धरलेली पोरगी त्या घरची, औषधाच्या दुकानात कामाला होती. आई नव्हती तिला. बाप कमी बोलणारा, मोठ्या नाकाचा. मामानं मला कोपरानं ढोसलं. मी तिकडे पाहिलंच नाही, नाहीतर हसलो असतो. ते आमचं घर पाहायला येतो म्हणाले.

आले तेव्हा भर दुपार होती. पोरगी, तिचा बाप, तिची काकू. मामा पुढच्या खोलीत खुर्चीवर, छत्री दोन्ही पायांच्या मध्ये धरून. माझा पोरगा दाराशी. चहा झाला. बाप म्हणाला हूं. मी मामाकडे पाहिलं, कोणतं हूं? मामानं डोळ्यानं सांगितलं, अजून थांब.

काकूनं विचारलं, "मागं काय हाये?" अन् पोरगीच उठली. "मी हात धुते," म्हणाली.

मामाचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. आजपर्यंत पाहुण्यांकडून मागचं दार पाहायला तोच गेला होता. आज एक पोरगी आपलं आपण पाहायला गेली होती. ती मागं गेली. न्हाणीचा नळ वाजला. मग परत येताना ती आतल्या खोलीत थांबली. आम्हाला पुढच्या खोलीतून तिचा अर्धा खांदा दिसत होता.

"ही बाज कोणाची?" तिनं विचारलं.

माझ्या तोंडावर बायकोचं नाव आलं होतं. ते मी ओठाशीच धरलं. माझा पोरगा माझ्याकडे पाहत होता. आयुष्यभर काही न मागितलेला पोरगा.

"रिकामी हाये बाई," मी म्हणालो.

ती दारासमोर सरकली, पुरती दिसू लागली, अन् मग बाजेवर बसली. नीट, पाठ सोडून, दमलेलं माणूस बसते तशी. मागच्या दारातून दुपारचं ऊन आत आलं होतं. नव्या सुतळीवर भार पडला तशी तिच्यातली बारीक तुसं उडाली, उन्हात चमकत वर गेली, तिच्या डोक्याच्याही वर, अन् जरा वेळ तिथंच फिरत राहिली.

मामा खुर्चीत पुढं सरकला. मीही सरकलो.

पोरीचा बाप म्हणाला, "हूं."

आखूड होतं.

"घेतली," मामा माझ्या कानात म्हणाला. "डायव्हर, साखर आण."